काटा खरा होता

"सहा किलो दोनशे!" फळ्यापाशी उभा असलेला सेवक ओरडला आणि हॉलमधल्या दोन-अडीचशे माणसांनी टाळ्यांचा कडकडाट केला.

काट्यावरून उतरलेला माणूस आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेला बेकरीवाला होता. आठ दिवसांपूर्वी तो इथे आला तेव्हा त्याचं पोट ढोलासारखं तट्ट फुगलेलं होतं. आता शर्ट सैल लोंबत होता. दोघांनी दोन्ही काखांत हात घालून त्याला धरलं होतं, पण तिकडे कोण बघतंय? सगळ्यांचे डोळे फळ्यावरच्या खडूच्या आकड्यावर.

मंचावरच्या गादीवरून हलकेबाबा बोलायला लागले. खरं नाव कोणालाच ठाऊक नव्हतं. माणसाला हलकं करतात म्हणून हलकेबाबा.

"हे माणसाचं वजन नाही गेलं, बाळांनो. विषाचं वजन गेलं! यकृत म्हणजे देहातली चाळणी. चाळणी तुंबली की विष साचतं. मग डॉक्टर काय सांगतात? चाला! फिरा! व्यायाम करा! अहो, गाळ बसलेलं पाणी कुणी ढवळतं का?"

"नाही!" हॉल गरजला.

"मग पडून राहा! आठ दिवस हलू नका, वाकू नका, जिना चढू नका. अन्नाचा भार नको, फक्त फळांचा रस आणि तीन वेळा आमचं शीतजल. यकृत झोपलं की विष आपोआप पाझरतं."

चाळणीने पाणी गाळायला निघालेला माणूस मी जन्मात पहिल्यांदाच बघत होते. पण हसायचं कुणापुढे? माझा धाकटा भाऊ शेजारी बसून देवाचा शब्द ऐकावा तसा ऐकत होता.

आमचं काटेदुरुस्तीचं दुकान आहे. वडिलांनी काढलं, नंतर मी आणि धाकट्याने चालवलं. दुकानांतले ताजवे, कारखान्यांतले वजनकाटे, धान्याच्या गोदामांतले मोठे प्लॅटफॉर्म काटे, सगळं आमच्या हाताखालून जातं. चाळीस वर्षं लोकांच्या लबाड्या उघड्या करत आल्यामुळे माझा स्वभावच संशयी झालाय. कुणी "गुड मॉर्निंग" म्हटलं तरी मी आधी घड्याळ बघते, असं धाकटा म्हणतो.

धाकट्याला पाच वर्षांपासून यकृताचा आजार. लहानपणी कुठल्याशा सुईतून शिरलेल्या काविळीच्या विषाणूने आतल्या आत यकृत कडक करून ठेवलं होतं. हा माणूस दारूच्या थेंबाला शिवलेला नाही. पण यकृत म्हटलं की लोक डोळे बारीक करतात. हॉस्पिटलात प्रत्येक नव्या कागदावर पहिला प्रश्न तोच. "किती घेता?" एकदा तर "घेत नाही" म्हटल्यावर कागद भरणारा कारकून नुसता हसला. धाकटा त्या दिवशी घरी येऊन भिंतीकडे तोंड करून झोपला होता.

आणि हलकेबाबांनी पहिल्याच भेटीत त्याच्या डोक्यावर हात ठेवून म्हटलं होतं, "तुझा काही दोष नाही, बाळ." तिथेच गडी विरघळला.

माझ्या मनात मात्र पाल चुकचुकत होती. एकेकाळच्या फर्निचरच्या शोरूमचा तो हॉल. भिंतींचा रंग उडालेला, पंखे करकरणारे, गाद्या मिळतील तिथून आणलेल्या. पण मागच्या बाजूला दहा नवेकोरे संडास, चकचकीत नळ, आणि प्रत्येकासमोर रांग. पडून राहण्याच्या उपचाराला दहा संडास कशाला लागतात? प्रश्न मनात आला आणि मी तो बाजूला ठेवला. कारण माझी नजर काट्यावर होती. शेवटी सोनाराची नजर सोन्यावरच जायची.

मी उभी राहिले. "बाबा, हा काटा मला तपासायचाय."

हॉलमध्ये चुळबुळ झाली. धाकट्याने माझा पदर ओढला. "ताई, बस ना गं! कुठेही तुझं आपलं..."

बाबा मात्र गोड हसले. "तपासा की, ताई. कर नाही त्याला डर कसली?"

दुपारी मी रिक्षात प्रमाणित वजनं घालून आणली. धाकटा पूर्वी वीस-वीस किलोची दोन वजनं दोन हातांत सहज उचलायचा. त्या दिवशी त्याने एका छोट्या बादलीला हात घातला, तिच्यात फक्त पाच-पाच किलोची दोन वजनं होती, तर मी ती हिसकावून घेतली. "तू बस खाली. दमशील." गेली दोन वर्षं आम्ही सगळे हेच करत होतो. माझी भावजय त्याला पाण्याचा पेलाही उठून घेऊ देत नसे. डॉक्टरांनी "रोज चाला" म्हणून लिहून दिलेला कागद फ्रिजवर चुंबकाखाली पिवळा पडला होता. आजारी माणसाला कुणी चालवतं का, असं आम्हाला वाटायचं. मायाच ती, दुसरं काय!

मी काटा रिकामा असताना शून्य बघितलं. मधोमध वजनं ठेवली, चारही कोपऱ्यांवर ठेवली. काट्याखाली हात घालून चाचपलं, कुठे पासंगाचं चोरटं वजन लावून शून्य खोटं केलंय का ते बघितलं. काट्याखालची फरशीही ठोकली. सगळं चोख. इतका सरळ काटा मी वर्षभरात बघितला नव्हता.

अडीचशे माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती. मी काय बोलणार? खोटं बोलणं रक्तात नाही.

"काटा खरा आहे," मी म्हटलं.

टाळ्या पडल्या, लोक रडले, एका बाईने माझ्याच पायांना हात लावला. दुसऱ्या दिवशी दारावर पाटी लागली, 'येथील काटा तज्ज्ञांकडून तपासून घेतलेला आहे.' आणि त्याच सकाळी धाकट्याने तिथे गादी धरली.

आता खरं सांगते, मला लाज वाटते तरी सांगते. आठव्या दिवशी सेवक "सात किलो शंभर!" ओरडला तेव्हा टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होते. धाकट्याचं फुगलेलं पोट उतरलं होतं. लग्नातली पँट त्याला कमरेला बसली. भावजय हुंदके देऊन रडली, आणि मी मनात म्हटलं, मर मेले, चाळीस वर्षं संशय घेऊन घेऊन तुझं डोकं गंजलंय, कधीतरी चांगलंही घडतं जगात.

शीतजलाच्या चार बाटल्या घेऊन तो घरी आला. दिवसभर पेंगायचा. "विष गेलं की झोप येते," असं बाबांनी सांगून ठेवलेलंच होतं. दुसऱ्या दिवशी दुकानात बसून तो वजनांच्या चिठ्ठ्या लिहीत होता. त्याचं अक्षर छापल्यासारखं सुरेख. त्या दिवशी आकडे रेघेवरून घसरत होते, पाचाचं पोट एकीकडे आणि टोपी दुसरीकडे.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी चहा आणला. धाकट्याने पेटीतलं पन्नास ग्रॅमचं पितळी वजन उचललं, चहात टाकलं आणि चमच्याने ढवळायला लागला.

"अरे, हे काय?"

"साखर कमी आहे गं," तो शांतपणे म्हणाला. "विरघळतच नाहीये."

मी तशीच रिक्षा बोलावली.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी त्याला हात पुढे ताठ धरायला सांगितले. हात पंख फडफडावेत तसे हलत होते. रक्त तपासायला गेलं. डॉक्टर बाहेर आले तेव्हा त्यांचा आवाज चढलेला होता.

"यांना लघवीच्या गोळ्या कुणी दिल्या? आणि इतक्या? अंगातलं मीठ, पोटॅशियम, सगळं ढासळलंय. आजारी यकृताला हे झेपत नाही. विष मेंदूपर्यंत पोचलंय."

"गोळ्या नाही हो," भावजय रडत म्हणाली. "नुसतं पाणी. बाबांचं शीतजल."

"ती बाटली मला आणून द्या," डॉक्टर म्हणाले. आणि मग भावजय माझ्याकडे वळली. ओरडली असती तर बरं झालं असतं. हळूच म्हणाली, "ताई, तुम्हीच म्हणालात ना, काटा खरा आहे?"

ते वाक्य मला अजून टोचतं.

चौथ्या दिवशी धाकटा शुद्धीत बोलू लागला. तेव्हा एक मुलगी आली, पायांत बूट, गळ्यात मोजमापाची फीत. मी तिला शिंपीण समजले. ती हॉस्पिटलातली व्यायाम शिकवणारी होती. आजाऱ्याला व्यायाम म्हटल्यावर मी तिच्यावरही डोळे वटारले. संशय हा माझा धंदाच.

"काका, हात छातीवर बांधा आणि या खुर्चीवरून उठा. पाच वेळा."

धाकटा हसला. उठायला गेला. उठलाच नाही. पुन्हा जोर केला, दात आवळले, खुर्ची करकरली. एकदाही उठता येईना. वीस किलोची दोन वजनं दोन हातांत घेऊन जिना चढणारा माझा भाऊ खुर्चीत बसून स्वतःच्या मांड्यांकडे बघत राहिला.

मुलीने त्याच्या पोटरीला फीत लावली. मग माझ्या पोटरीला लावली. माझी जाड निघाली.

"सात किलो कमी झालं म्हणता ना? थोडं पोटातलं पाणी, ते औषधाने काढलं. थोडं अंगाला हवं असलेलं पाणी. आणि थोडं हे," तिने त्याच्या मांडीवर हात ठेवला. "स्नायू. यकृत थकलं की शरीरातला कचरा साफ करायला स्नायू मदत करतात. यांना उपाशी ठेवलं, पाडून ठेवलं, म्हणजे मदतनीसच उपाशी मारला."

"पण काटा खरा होता," मी पुटपुटले.

"असेल की," ती म्हणाली. "वजन गेलं एवढंच काटा सांगतो. काय गेलं, ते थोडंच सांगतो?"

मला कुणी थोबाडीत मारल्यासारखं झालं. अहो, हे मला दुसऱ्याने सांगावं! कापूस ओला करून विकायचा, ही तर बाजारातली सगळ्यांत जुनी लबाडी. काटा अगदी सरळ असतो आणि गिऱ्हाईक पाण्याचं वजन घरी नेतं. वडील रोज ओरडायचे, "काटा बघितलास, माल बघितलास का?" आणि त्यांची ही शहाणी लेक माल न बघता अडीचशे माणसांसमोर ग्वाही देऊन आली होती. हलकेबाबांनी मला काटा का तपासू दिला, ते तेव्हा उमगलं. त्यांना माझ्यासारखीच कुणीतरी हवी होती.

आठवड्याने बाटलीचा अहवाल आला. शीतजलात लघवी वाढवणारं औषध, चांगल्या जबर मात्रेत. दहा संडासांचं कोडं सुटलं. डॉक्टरांनी पोलिसांत कळवायची तयारी केली. मी म्हटलं, "आधी मला तिथे जायचंय. ग्वाही मी दिली, परत मीच घेणार." तिथे काय करणार ते सांगितल्यावर डॉक्टर भडकले. "असला आचरटपणा करू नका!" मी केला. तुम्ही करू नका.

सकाळी हॉल गच्च भरला होता. बेकरीवाला तिसऱ्यांदा भरती झाला होता. आठ दिवसांनी घरी गेला की पोट पुन्हा भरायचं, मग बाबा म्हणायचे, विष फार जुनं आहे.

मी सरळ काट्यावर चढले. "ओरड रे," मी सेवकाला म्हटलं.

"अडुसष्ट किलो चारशे," तो गोंधळून ओरडला.

"बाबा, मला शीतजल द्या."

बाबांचं हसू जरा आखडलं. "ताई, तुम्ही तर ठणठणीत. तुम्हाला काय गरज?"

"पाणीच आहे ना? मग ठणठणीत माणसाला काय होणार?"

सगळे बघत होते. द्यावंच लागलं. दोन पेले प्यायले आणि काट्याशेजारी मांडी ठोकून बसले. पुढच्या तीन तासांत मी पाच वेळा त्या चकचकीत संडासात जाऊन आले. मग पुन्हा काट्यावर.

"सहासष्ट किलो नऊशे."

"दीड किलो!" मी म्हटलं. "मला कसलाही आजार नाही. मग हे कुणाचं विष गेलं?"

मला वाटलं होतं, आता लोकांचे डोळे उघडतील. कसलं काय! पुढच्या रांगेतल्या एका आजोबांनी हात जोडले. "ताई, तुमच्याही आत विष होतं! वेळीच निघालं, वाचलात!"

हॉलने टाळ्या वाजवल्या. बाबांनी डोळे मिटून आशीर्वादाचा हात वर केला. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते हे.

पण माझ्या पिशवीत आणखी पाणी होतं. घरच्या नळाचं, दीड लिटर. मी बाटली सगळ्यांना दाखवली, आजोबांना एक घोट प्यायला दिला, दुसऱ्या बाटलीतून तेवढंच पुन्हा भरून घेतलं. मग बाटली तोंडाला लावली. घोटाघोटाने, थांबत थांबत, सगळी संपवली. आणि चढले काट्यावर.

सेवकाचा आवाज या वेळी खोल गेला. "अडुसष्ट... चारशे."

"काय आजोबा?" मी म्हटलं. "माझं विष परत आलं का? आमच्या नळातून?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. मग दुसरं हसलं. आजोबा हसले नाहीत, ते काट्याकडे टक लावून बघत राहिले.

"काटा खरा आहे, हे मीच सांगितलं होतं. आजही खराच आहे. पण इथे पाणी काढतात आणि विष म्हणून मोजतात. हा तपासणीचा कागद. शीतजलात लघवीचं औषध आहे. डॉक्टर हे औषध देतात, पण रक्त तपासत, मोजून. इथे मडक्याने पाजतात. माझा भाऊ या पाण्याने शुद्ध हरपून बसला होता."

"नास्तिक आहे ही! हॉस्पिटलवाल्यांनी पाठवलंय हिला!" बाबा उसळले. गोड आवाज कुठल्या कुठे गेला होता.

मी त्यांच्याकडे बघितलंच नाही. एक खुर्ची ओढली आणि बेकरीवाल्याच्या गादीसमोर ठेवली. त्याच्या बायकोने आणि मी मिळून त्याला खुर्चीत बसवलं.

"बेकरीवाले, तुम्ही मैद्याची पन्नास किलोची गोणी पाठीवर टाकायचात. मी बघितलंय. आता फक्त स्वतःला उचला. हात न टेकता."

त्याने बाबांकडे बघितलं. मग खाली बघून जोर केला. मान थरथरली, गुडघे थरथरले. तो उठला नाही. पुन्हा प्रयत्न केला. मग त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

फळ्यावर त्याच्या नावापुढे लिहिलं होतं, एकूण अकरा किलो. त्याच्या बायकोने उठून तो आकडा पदराने पुसून टाकला. मग एकेक जण आपापल्या माणसाला गादीवरून उठवायला लागला.

बाबा मागच्या दाराने निघाले, पण मागचं दार संडासांच्या बाजूला उघडत होतं आणि तिथे रांग होती. डॉक्टरांनी कळवलेले पोलिस येईपर्यंत रांगेतल्या लोकांनी त्यांना थांबवून ठेवलं. माझा मात्र निम्मा जीव पुन्हा संडासात जाण्यात अडकला होता, म्हणून तो सोहळा मला नीट बघता आला नाही.

आता धाकट्याचं. त्याचं यकृत बरं झालं का? नाही. पडलेल्या खुणा पडलेल्याच आहेत, औषधं चालू आहेत, महिन्याला तपासणी आहे. चमत्कार सांगायला मी काही हलकेबाबा नाही. डॉक्टरांनी तपासून हिरवा कंदील दिल्यावर त्या मुलीने व्यायाम सुरू केला. आधी खुर्चीखाली दोन उशा ठेवून उठायचं. मग एक उशी. मग नुसती खुर्ची. दुकानापासून कोपऱ्यापर्यंत चालणं, पुढच्या आठवड्यात बेकरीपर्यंत. रबरी पट्टा ताणणं. श्वास कोंडून जड काही उचलायचं नाही, ही सक्त ताकीद. उपाशी राहायचं नाही, झोपण्याआधीसुद्धा थोडं खायचं. पहिल्या दिवशी तो चिडला, तिसऱ्या दिवशी रडला, पाचव्या दिवशी भावजयीला म्हणाला, "माझा पेला मी घेईन." तीन महिन्यांत पोटरी दीड सेंटिमीटर भरली. फ्रिजवरचा पिवळा कागद बदलून नवा लावलाय.

बेकरीवालाही संध्याकाळी येतो. दोघं समोरासमोर खुर्च्या टाकून उठाबशा मोजतात आणि एकमेकांवर चोरीचा आळ घेतात. "हात टेकलास!" "डोळे तपासून घे!"

माझं सांगणं एवढंच. कुणी आकडा दाखवला, तर तो कशाचा आहे ते विचारा. पाण्यात काय आहे ते विचारा. दहा संडास दिसले तर, मी केलं तसं, तो प्रश्न बाजूला ठेवू नका. आणि घरात यकृताचा आजारी माणूस असेल, तर त्याने किती घेतली हे विचारण्यापेक्षा तो आज किती चालला हे विचारा. मायेने त्याला पाडून ठेवू नका, डॉक्टरांना विचारून उभं करा.

परवा गोदामात काटा तपासायला निघालो. मी सवयीने छोटी बादली उचलली, आत पाच किलोचं एकच वजन. धाकट्याने हात पुढे केला.

"ताई, इकडे दे."

"अरे, दमशील."

"दमेन की," तो म्हणाला. "दमलो तर बसेन. बसलो तर उठता येतं आता मला."

मी बादली त्याच्या हातात दिली.